न पुसलेलं पातं

झाडांच्या संशोधन केंद्रात सगळे त्यांना करवतकाका म्हणायचे. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, तरी केंद्राने त्यांना सोडलं नव्हतं. कारण एकच. प्रयोग त्यांच्या हाताने सुरू झाला होता, आणि प्रयोग चालवणाऱ्या मॅडमचा नियम होता: एका प्रयोगाला एकच हात. हात बदलला की कापण्याचा जोर बदलतो. अहवाल गेला की काका मोकळे.

घरी बायकोने सामान केव्हाच बांधून टाकलं होतं. लेकीच्या शेजारची खोलीही ठरली होती. बाहेर उरली होती फक्त दोन ताटं, दोन वाट्या आणि एक कढई.

"पाहुणा आला तर?" काका विचारायचे.

"तर तुम्ही कढईत जेवा."

प्रयोग तसा साधा होता. सायप्रसच्या झाडाला एक बुरशी लागते. साल फाटते, डिंक गळतो, शेंडा तांबूस होत होत वाळून जातो. ही बुरशी करवतीवरून एका झाडातून दुसऱ्यात जाते का, ते बघायचं होतं. काचघरात चाळीस रोपं, वीस-वीसच्या दोन रांगा. दर वेळी आधी रोगट फांदी कापायची आणि मग त्याच करवतीने निरोगी रोपाची. पहिल्या रांगेत दोन्हींच्या मधे पातं स्पिरिटने पुसायचं. दुसऱ्या रांगेत पुसायचं नाही. बस्स.

काचघराला दोन दारं होती. मागचं लागल्याशिवाय पुढचं उघडत नसे. मधल्या हातभर जागेत उभं राहून बूट औषधात बुडवायचे. गेलं दीड वर्ष त्या हातभर जागेत काकांचा रोज जीव गुदमरत होता. कारण दुसऱ्या रांगेतही त्यांनी पातं पुसलं होतं.

चाळीसही रोपं त्यांनीच बोटभर काडीपासून वाढवलेली. त्या रांगेतली पहिली पाच त्यांनी ठरल्याप्रमाणे, न पुसता कापली. सहाव्यापाशी हात आपोआप खिशात गेला आणि स्पिरिटचा बोळा बाहेर आला. मॅडम पाठमोऱ्या, फोनवर. पुढची चौदा रोपंही तशीच, गुपचूप.

आता मॅडमनी कागद पुढे सरकवला. "काका, पुसलेल्या रांगेत एक रोप आजारी. न पुसलेल्या रांगेत पाच. एवढा फरक योगायोगानेही पडतो. म्हणजे पुसण्याने काही फायदा होतो असं सिद्ध होत नाही. शुक्रवारी अहवाल पाठवते."

"बरं," काका म्हणाले.

रस्त्याकडेची झाडं छाटणारा मुकादम दारातच उभा होता. तो खूश. "वाचलो बुवा! चारशे सायप्रस, आणि दर झाडाला पातं पुसत बसायचं? माझी माणसं मला नर्सबाई म्हणायला लागली होती. सोमवारपासून बोळा बंद!"

काका हसले. न हसून करणार काय?

घरी ताट पुढे आलं. मग एकदाचं बायकोला सगळं सांगितलं.

"सांगितलंत तर काय होईल?" तिने विचारलं.

"परत पहिल्यापासून. दीड वर्ष. आणि हात माझाच."

"आणि नाही सांगितलंत तर?"

"मुकादम चारशे झाडं पातं न पुसता छाटेल."

तिने कढई घासायला घेतली. "अहो, सांगा काय सांगायचं ते. पण मी राजीखुशीने राहिले असं लेकीला सांगाल तर बघा."

शुक्रवारी सकाळी काकांनी मॅडमना सांगितलं. उभ्यानेच, एका दमात.

मॅडम चिडल्या नाहीत. तेच जास्त लागलं. "न पुसलेली पाच कुठली?"

"दाराकडून पहिली पाच."

त्या वहीत बघत राहिल्या. "त्यातली चार आजारी आहेत. पाचातली चार, काका! उत्तर समोर होतं."

"मग तसं लिहा ना."

"कशाच्या आधारावर? वहीत लिहिलंय 'वीसही पुसली नाहीत'. खाली तुमची सही आहे. आज म्हणता पंधरा पुसली. उद्या कोणी विचारलं, तर तुमचं कुठलं बोलणं खरं धरायचं?"



मॅडमनी फोन उचलला. "मुकादम? बोळा बंद करू नका. नाही, अहवाल थांबलाय. हो हो, म्हणू देत नर्सबाई."

नवी चाळीस रोपं वाढायला सात महिने गेले. तीही काकांनीच वाढवली. दुसरं कोण वाढवणार?

कापायच्या दिवशी मॅडम वही घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. "खिसे रिकामे करा, काका. राग मानू नका."

काकांनी खिसे उलटे करून दाखवले. घराची किल्ली, चष्म्याचं कापड. मॅडमनी कापडही मागून घेतलं.

पहिली रांग झाली. मग दुसरी. काकांनी रोगट फांदी कापली. पातं डिंकाने चिकट झालं. समोर गुडघाभर उंचीचं हिरवंगार रोप. हात थांबला.

"काका."

"हो."

करवत चालली. इवलीशी फांदी मातीत पडली. काकांनी तिच्याकडे बघितलं नाही.

मॅडमनी वहीत खूण केली. "एक झालं. पुढचं."