जावेची दुसरी बॅग

आता काय सांगू तुमाले! हसाल तं हसा, पण चहा सांडू नका. आटपाट अकोला होतं, तिथं माही धाकटी जाऊ कमल राहत होती. आटपाट अमरावती होती, तिथं राजापेठेत मी जळत होती!

कावून? कमलच्या पोरानं, विलासनं, तिच्यासाठी जहाजाची सहल काढली ना बापा! आठवडाभर समुद्रावर. जहाजात म्हणे नाचगाणी, पोहायचा हौद, दिवसभर आयती ताटं. अन् माही मजल चिखलदऱ्यापर्यंत, तिथंही धुक्यात काई दिसलं नाई!

त्यात तिचा फोन. "बाई, बॅग भराले या. आधार कार्ड आठवणीनं आणा."

बॅग भराले आधार कार्ड? म्हटलं, मोठी माणसं झाली, आता घरात घेतानाही ओळख पाहतात!

गेली. पाहते तं काय, पलंगावर एक नाई, दोन बॅगा!

"काय वं कमल, एका बाईले दोन बॅगा?"

"लागते ना बाई!" गालातल्या गालात हसली अन् चहा ठेवाले गेली.

म्या दुसरी बॅग उघडली. आत कोऱ्या साड्यांची चळत! माह्या पोटात असा जाळ उठला, कमलनं गॅस कायले पेटवला, माह्यावरच चहा उकळला असता!

कोपऱ्यात गोधडी शिवाले जमवलेल्या जुन्या साड्यांचं गाठोडं होतं. नेसून नेसून विरलेल्या, आरपार दिसणाऱ्या. म्या काय केलं? कोऱ्या साड्या गाठोड्यात, गाठोड्यातल्या बॅगेत, वरून शाल. चेन लावली. म्हटलं, मिरव आता!

चहा संपते न संपते तं विलास आला. बॅगांले कुलपं लावली, डिक्कीत टाकल्या.

"मोठीमाय, बसा गाडीत."

"स्टेशनवर पोचवाले येऊ का?"

"जहाजावर चला! तुमचंही तिकीट हाय. आधी सांगितलं असतं तं तुमी अख्खी राजापेठ सोडाले आणली असती."

"अन् माहे कपडे?"

कमल म्हणे, "दुसरी बॅग कोणाची हाय मंग? दुकानं पालथी घातली तुमच्या साड्यांसाठी!"

आता आली का पंचाईत! सांगू कशी? साड्यांचं सांगितलं तं कावून केलं तेही सांगा लागते!

"विलास, मले ते गोधडीचं गाठोडं घेऊ दे रे."

"कायले?"

"पाण्यावर थंडी वाजते."

"तिथं रजया असतात, मोठीमाय. चला, रेल्वे सुटन!"

राहिलं गाठोडं अकोल्यात.

जहाजावर कमलनंच हौसेनं माही बॅग उघडली. साडी वर धरली तं तिच्या भोकातून मले समुद्र दिसला!

"बाई... ह्या तं माह्या गोधडीच्या!"

ती माह्याकडं पाहे, मी समुद्राकडं. मंग ती पलंगावर आडवी होऊन अशी हसली, की शेजारच्या खोलीतले काय झालं म्हणून विचाराले आले. मले एका शब्दानं बोलली नाई. आपली मोरपंखी साडी काढली अन् माह्या निऱ्या स्वतः बसवून दिल्या.

असं आमच्या घराचं भाग्य फळलं. दोघी जावा एका बॅगेतून नेसून आठवडाभर समुद्रावर मिरवल्या. फोटोत तं सख्ख्या बहिणी वाटतो.

पण काई म्हणा, मले मोरपंखी दिली ते ठीक. जांभळी स्वतःले कावून ठेवली तिनं? तीच जास्त खुलते ना!