माईक चालू होता

"मध्ये या, मध्ये!" स्पीकरच्या बॉक्सजवळून कुणी गेलं की आमचा सौंडवाला खांदा धरायचा न् दोन बॉक्सच्या बरोबर मध्ये उभं करायचा. "डोळं मिटा. आता सांगा, बाई कुठून गाते?" माणूस समोर बोट दाखवायचा. समोर काय, नुसती भिंत. मग हा टाळ्या पिटून हसायचा. असा आगाऊ माणूस तुमच्या पण आळीत असंल. आमच्या दापोड्यात हळद म्हटली की सौंड त्याचाच, न् तोंड पण त्याचंच.

एकदा दारू पिऊन एका बॉक्सची वायर उलटी जोडली. एक बॉक्स ढकलायचा तेव्हा दुसरा खेचायचा, असं नंतर सांगत फिरला. ठोकाच गेला गाण्याचा, गाणारी डोक्यामागं कुठंतरी फिरायला लागली. नाचणाऱ्या बायका थांबल्या. नवरदेवाची आत्या बोलली, "मेल्या, तुझीच वायर उलटी हाय!"

तर शेजारच्या हळदीत त्याने माझ्या पोरीला धरली. सहा वर्षांची पोर. ती बोलली, उजवीकडून. "नीट ऐक गं." उजवीकडून. मग त्याने उजवा बॉक्स बंदच केला, एकटा डावा वाजतोय, तरी पोरगी उजवीकडंच बोट दाखवते. लोक हसले. तो न्हाय हसला. बोलला, "वहिनी, पोरीचा डावा कान बंद हाय!"

हातात माईक. चालू माईक. अख्ख्या गावाने ऐकलं.

मी काय काय न्हाय बोलले त्याला! "तुझ्या बॉक्सांना आग लागो!" घरी सासू सुरू, "बहिरी पोर, हिला कोण पदरात घेईल?" अहो, आमचं माणूस कापडाच्या लूमवर, खडखडाटाची सवय, घरात सगळे बोंबलूनच बोलतात, मला कळायचं कसं? भिवंडीत डॉक्टरला दाखवली. गालगुंडात कान गेला, आता येणार न्हाय, बोलला. राग मला डॉक्टरचा न्हाय आला. ह्याचाच आला.

शाळा रस्त्याच्या पलीकडं, न् रस्त्यावर दिवसभर गोडाऊनचे कंटेनर. माझा जीव थाऱ्यावर न्हाय. तर सकाळी हा तिथं हजर. पोरीला शिकवतोय, "आधी थांब. आता मान फिरव. उजवा कान जिकडं केल्यावर आवाज मोठा, तिकडं गाडी."

"तुला कुणी बोलवलं?"

"कुणी न्हाय वहिनी. माईकवर बोललो, ती चूक माझी."

"मग आता तरी गप बस."

"गपच हाय. तुम्ही पण बसा. तिला ऐकू द्या."

रोज यायचा. मी रोज तोंड फिरवून उभी.

अंबाडी गावची हळद उरकून येताना त्याचा टेम्पो उलटला, जागीच गेला. पिऊन चालवत होता, गाढव. मी आधी रडले न्हाय, शिव्याच दिल्या. लोकांच्या पोरीला थांबायला शिकवतो न् स्वतः?

आता रस्त्याला मी एकटी. काल हात धरायला गेले तर पोरीने झटकला. पाऊल टाकलं, टाकलं न् थांबली. वळणावरून कंटेनर येत होता, मला दिसत होता, तिला न्हाय. मी ओरडायला तोंड उघडलं. पण माझा आवाज तिला कुठून आला वाटंल? भलतीकडंच पळाली म्हणजे?

तिने मान फिरवली. हळू. परत फिरवली. एक पाऊल मागं आली.

कंटेनर गेला. ती पलीकडं गेली, शाळेत शिरली. माझं तोंड उघडंच होतं.