शैलजाकाकूंनी अडवलेलं फाटक

अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या मराठी घरांत शैलजाकाकू सरनोबतांबद्दल दोन मतं आहेत. एक, बाई फार हुशार. दोन, बाईंनी या वयात असले उद्योग करू नयेत. बहुतेक वेळा ही दोन्ही मतं एकच माणूस एका दमात मांडतो.

उद्योग म्हणजे असा. एप्रिल ते सप्टेंबर, दर शनिवारी दुपारी काकू जीन्स, जाड तळव्यांचे बूट आणि नारिंगी जाकीट घालून घराबाहेर पडायच्या आणि तासाभराच्या अंतरावरच्या एका रेस ट्रॅकवर जायच्या. मक्याच्या शेतांच्या मधोमध अर्ध्या मैलाचा डांबरी लंबगोल, भोवती काँक्रीटची भिंत, एका अंगाला पत्र्याच्या पायऱ्या. तिथे स्टॉक कार पळतात, म्हणजे वरून साध्या रस्त्यावरच्या वाटणाऱ्या आणि आतून सगळ्या बदललेल्या गाड्या. रेसआधी प्रत्येक गाडी तपासायची आणि ती आत सोडायची की नाही हे ठरवायचं, हे काकूंचं काम. पंचवीस वर्षं त्यांनी ते केलं.

मी नागपूरहून नोकरीसाठी इथे आले ती त्यांच्या शेजारच्या घरात. माझा कुश तेव्हा तीन महिन्यांचा होता आणि मला कोणीच नव्हतं. काकू डबा घेऊन आल्या, बाळाला घेतलं, आणि कोपऱ्यात पडलेली त्याची कार सीट उचलून म्हणाल्या, "ही कोणी बसवली होती? पट्टा उलटा आहे." आमची ओळख अशी झाली.

त्या कोल्हापूरच्या. उद्यमनगरात वडिलांचं गॅरेज होतं. मुलगी गाडीखाली झोपते म्हणून नातेवाईक बोलायचे, तेव्हा वडील म्हणायचे, "झोपू दे. तुमची मुलं गाडीत झोपतात, त्यापेक्षा बरं." काकूंनी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, वर्गात एकटी मुलगी. मग शशिकांतकाकांशी लग्न, मग डेट्रॉइट. इथे एका सीटबेल्टच्या कंपनीच्या टेस्ट लॅबमध्ये त्यांनी एकोणतीस वर्षं नोकरी केली. माणसाच्या वजनाचे पुतळे गाडीत बसवायचे, गाडी भिंतीवर आदळायची आणि पुतळ्याचं काय झालं ते मोजायचं. "मी आयुष्यात जेवढे मेलेले पुतळे पाहिले," त्या म्हणायच्या, "तेवढी जिवंत माणसं पाहिली नसतील."

अठ्ठ्याण्णव साली लॅबमधल्या कोणीतरी त्यांना गंमत म्हणून रेस दाखवायला नेलं. काकूंचं रेसकडे लक्षच नव्हतं. रेस संपल्यावर त्या थेट खाली गेल्या आणि जिंकलेल्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "तुझ्या खांद्याचे पट्टे चुकीच्या कोनात बांधलेत. आदळलास तर पाठीचा कणा दाबला जाईल."

तो ड्रायव्हर म्हणजे गस व्हँडरमीर. एकतीस नंबरची हिरवी गाडी. हा आठवडाभर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि शनिवारी जिंकायचा. आसपासच्या तीन काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, त्याला देव मानायचे. लोकांच्या पिकअपवर एकतीसचे स्टिकर, पोरांच्या टोप्यांवर एकतीस. एका न्हाव्याच्या दुकानात त्याच्या फोटोची चौकट येशूच्या शेजारी टांगलेली मी स्वतः पाहिली आहे. अशा माणसाला एक सव्वापाच फुटांची परकी बाई चूक दाखवत होती. भोवतालचे हसले. गसही हसला. पण पुढच्या शनिवारी त्याने पट्टे बदललेले होते, आणि ट्रॅकच्या मालकाला, डग प्रेस्टनला, तो म्हणाला होता, "त्या बाईला शोधून आण."

त्यांचं जमलं असं मात्र म्हणता येणार नाही. तो त्यांना शेली म्हणायला लागला. काकू म्हणाल्या, "शैलजा. मी व्हँडरमीर शिकले, तू तीन अक्षरं शिक." त्याने शिकली.

खरी लढाई सुरू झाली ती मानेवरून. गाडी भिंतीवर आदळली की छाती पट्ट्यांत अडकून थांबते, डोकं मात्र पुढे जात राहतं, आणि कवटीचा तळ मोडतो. ते होऊ नये म्हणून खांद्यांवर एक कडक कमान घालतात आणि तिचे दोन पट्टे हेल्मेटला अडकवतात. ट्रॅकने दोन हजार पाच साली ती सक्तीची केली, तीही काकूंनी दोन वर्षं डगचं डोकं खाल्ल्यावर. काकू तिला जोखड म्हणायच्या. गसला ती मुळीच आवडत नव्हती. मान वळत नाही, शेजारची गाडी दिसत नाही, गळफास लागल्यासारखं वाटतं. तपासणीत तो पट्टे अडकवायचा आणि पुढे जाऊन गुपचूप सोडायचा. हे एकदा काकूंच्या लक्षात आलं. तेव्हापासून गाड्या सुटायच्या क्षणी त्या स्वतः एकतीस नंबरच्या खिडकीशी उभ्या राहायच्या.

मी पाहिलंय ते. गस आत, हेल्मेटमधून नुसते डोळे दिसताहेत.

"शैलजा, मला गुदमरतं."

"गुदमर."

आणि खिडकीतून हात घालून त्या दोन्ही पट्टे खटखट अडकवायच्या, ओढून बघायच्या, मगच बाजूला व्हायच्या. अठरा वर्षं, दर शनिवारी.

दोन हजार तेवीसच्या ऑगस्टमध्ये काकूंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आठवडाभर धूळ आणि ऊन बंद सांगितलं. त्या शनिवारी तपासणीला बदली माणूस होता. त्याने नियमाप्रमाणे सगळं तपासलं, गसने नियमाप्रमाणे सगळं दाखवलं, आणि पुढे जाऊन पट्टे सोडले. विसाव्या फेरीला पुढच्या गाडीचं टायर फुटलं, तिला चुकवताना गसची गाडी नाकावर भिंतीत गेली. गाडीचं फारसं काही बिघडलं नव्हतं. रेडिएटर गेला, बंपर चेपला. गस वयाच्या एकसष्टाव्या वर्षी जागीच गेला.

फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडे डोळ्यात थेंब घालायला गेले होते. काकूंनी स्पीकर लावला होता. समोरचा माणूस रडत सांगत होता. काकूंनी त्याचं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पट्टे अडकवलेले होते?"

"नाही."

त्यांनी फोन ठेवला. शशिकांतकाका म्हणाले, "शैला, रडू नकोस, डोळ्याला चालणार नाही." त्या रडल्या नाहीत. खुर्चीत बसून हाताची दोन बोटं हवेत दाबत राहिल्या, क्लिप दाबल्यासारखी.

अंत्यविधीला मी त्यांना घेऊन गेले. चर्चबाहेर दीड मैल पिकअपची रांग होती. तिथेच पहिल्यांदा ते टीशर्ट दिसले. हिरव्या रंगावर गसचं चित्र, मान उघडी, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'गळ्यात कोणाचा पट्टा नाही'. गस कसा कोणाला बधला नाही, मनासारखा जगला आणि मनासारखा गेला, हेच सगळे एकमेकांना सांगत होते. गाडीत बसल्यावर काकू म्हणाल्या, "मनासारखा गेला म्हणे. त्याला नातवाला मासे पकडायला शिकवायचं होतं. ते कोणाच्या मनासारखं झालं?"

हिवाळ्यात डगचा फोन आला. मेच्या अखेरीस गसच्या स्मरणार्थ मोठी रेस ठेवायची होती. पहिल्या दहा फेऱ्या सगळे ड्रायव्हर मानेचे पट्टे सोडून मारणार, गसला मानवंदना म्हणून. नंतर गाड्या थांबतील, पट्टे लावतील आणि खरी रेस होईल. दहाच फेऱ्या, थोड्या हळू. काकूंनी त्या दिवशी सुट्टी घेतली तर बरं.

"हळू म्हणजे किती?" काकूंनी विचारलं.

"ताशी सत्तर मैल. पंच्याहत्तर."

"पंचेचाळीसला मान मोडलेले पुतळे माझ्याकडे आहेत. फोटो पाठवू?"

"शैलजा, ही भावनेची गोष्ट आहे."

"म्हणूनच मी येणार आहे," काकू म्हणाल्या.

रेसच्या दिवशी, रविवारी सकाळी, काकू माझ्या दारात. "तुझी मिनीव्हॅन काढ. आमची गाडी लहान पडेल." कशाला लहान पडेल, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ही माझी चूक की शहाणपण, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुपारचं ऊन चढलं होतं. पायऱ्या हिरव्या टीशर्टांनी भरल्या होत्या. बावीस गाड्या तपासून झाल्या. तपासताना सगळ्यांनी कमान घातलेली होती, नियमाप्रमाणे. मग ठरल्याप्रमाणे पट्टे सोडून गाड्या ओळीने ट्रॅकच्या फाटकाकडे निघाल्या. सगळ्यांत पुढे गसची हिरवी एकतीस आणि आत त्याची मुलगी, नाव जोडी. फाटक जेमतेम एका ट्रकच्या रुंदीचं. काकू माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सावनी, गाडी आडवी लाव."

"काय?"

"फाटकात. आडवी. आणि किल्ली मला दे."

मी लावली, किल्ली दिली. मागच्या काचेवर कुशच्या शाळेचा स्टिकर, मागे त्याची कार सीट, आणि समोर बावीस रेस गाड्या गुरगुरताहेत. काकू माझ्या गाडीपुढे उभ्या राहिल्या, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून.

डग धावत आला. ड्रायव्हर खिडक्यांतून ओरडू लागले. पायऱ्यांवरून आरडाओरडा सुरू झाला, एक कोकचा कॅन माझ्या टपावर येऊन आपटला. डगने पोलिसांना बोलावण्याची धमकी दिली.

"बोलाव," काकू म्हणाल्या. "त्यांनाही पट्टे दाखवते. एकेकाने क्लिप लावायची, मी ओढून बघणार, मग गाडी आत. नाहीतर आज कोणी आत जाणार नाही."

एक दाढीवाला ड्रायव्हर गाडीतून उतरूनच आला. "गसला हे अजिबात आवडलं नसतं!"

"बरोबर," काकूंचा आवाज चढला. "गसला नाहीच आवडलं. अठरा वर्षं आवडलं नाही, आणि अठरा वर्षं तो जिवंत होता! तुम्ही त्याचा फोटो छातीवर घालून हिंडता. मी त्याच्या शिव्या खाल्ल्यात, दर शनिवारी. मला त्याची आठवण शिकवू नका."

मग एकतीस नंबरचं इंजिन बंद झालं. जोडीने हेल्मेट काढलं आणि खिडकीतून बाहेर आली. तिचा चेहरा लाल झाला होता. ती काकूंच्या इतक्या जवळ येऊन उभी राहिली की मला वाटलं आता ही हात उचलणार.

"त्या दिवशी तू कुठे होतीस?"

काकूंना हा प्रश्न येणार हे माहीत असावं.

"घरी. डोळ्याला पट्टी बांधून."

"तू असतीस तर लावले असते त्याने."

"हो."

"मग आज काय उपयोग आहे ग याचा?" जोडी किंचाळली. "आज कशाला आलीस?"

"आज मला दिसतंय," काकू म्हणाल्या.

जोडीने काकूंना माफ केलं नाही, मिठी वगैरे तर दूरच. ती परत गाडीत शिरली, हेल्मेट घातलं, आणि तिला क्लिप लागेना. काकू खिडकीशी गेल्या, पण हात घातला नाही. थांबल्या. तिसऱ्या प्रयत्नात जोडीने स्वतःच लावली, दुसरीही लावली.

"हे मी तुझ्यासाठी करत नाहीये," ती आतून म्हणाली.

"माझ्यासाठी कोणीच करू नका," काकूंनी पट्टे ओढून पाहिले, किल्ली माझ्याकडे टाकली आणि म्हणाल्या, "सावनी, गाडी काढ."

एकोणीस गाड्या एकेक करून आत गेल्या, प्रत्येकीच्या खिडकीत काकूंचा हात. तिघांनी नकार दिला आणि गाड्या ट्रेलरवर चढवून निघून गेले. जाताना एकाने काकूंना मधलं बोट दाखवलं. काकूंनी त्याला टाटा केला.

रेस संपायच्या आत डगने त्यांना कामावरून काढलं. पुन्हा पाऊल टाकू नकोस म्हणाला. काकूंनी जाकीट काढलं, घडी घातली, त्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "डाव्या बाहीची शिवण उसवलीय. शिवून घे." परतीच्या रस्त्यावर एका पेट्रोल पंपावर त्यांनी मला गाडी थांबवायला लावली, आइस्क्रीम घेतलं, आणि ते खाता खाता रडल्या. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. "गाढव होता," त्या म्हणाल्या. "एक नंबरचा गाढव. काय गाडी चालवायचा ग."

इथल्या मराठी मंडळात बातमी पोचलीच. कोणीतरी फाटकाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. पुढच्या बैठकीत मंडळातले संजयकाका म्हणाले, आपल्या लोकांनी या भानगडीत पडू नये, उगाच नजरेत येतो आपण. काकू पोहे वाढत होत्या. म्हणाल्या, "संजय, मी पंचेचाळीस वर्षं नजरेत आहे. तुला आत्ता दिसले."

ते वर्ष काकूंनी घरी काढलं. बागेत टोमॅटो लावले, ते सशांनी खाल्ले. शनिवारी दुपारी त्यांच्याजवळ जायला शशिकांतकाकासुद्धा घाबरायचे.

पुढच्या मार्चमध्ये जोडीचा मेसेज आला. नमस्कार नाही, चौकशी नाही. ती आता ओहायोच्या हद्दीवरच्या दुसऱ्या ट्रॅकवर गाडी चालवत होती. तिथल्या तपासणीच्या माणसाला पट्ट्यांतलं काही कळत नाही, आणि मालकाला तिने काकूंचा नंबर दिला आहे, एवढंच.

काकू आता एक्काहत्तर वर्षांच्या आहेत. सव्वा तास गाडी चालवून जातात, स्वतः. पहिल्याच शनिवारी त्यांनी चार गाड्या परत पाठवल्या. त्यांतली एक जोडीची होती. पट्ट्यावर छापलेली वापराची मुदत संपून दोन महिने झाले होते.