लढाईवरून आलेला नवरदेव

माझा थोरला भाऊ अफगाणांवरच्या लढाईनंतर पलटणीची चाकरी सोडून कल्याणला परत आला, तेव्हा त्याच्यापेक्षा आमचा मामाच जास्त लढून आल्यासारखा वागू लागला. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्याचा जन्माचा स्वभाव. बाजारात, बंदरावर, जिथं चार डोकी दिसतील तिथं दादानं कापलेले पठाण वाढत चालले. दादा मात्र परसात भोपळ्याच्या वेलाला मांडव घालत बसे. मला त्याचा रागच येई. एवढा पराक्रम केलास, तर दोन शब्द बोल की!

अशात खाडीकाठच्या बाळकुम गावची मुलगी सांगून आली. मुलीचे वडील मिठागरवाले, घर खाऊनपिऊन सुखी. जत्रेत दादानं तिला पाहिलं होतं आणि तिचा विषय निघाला की त्याचे कान लाल होत. ही सोयरीक जुळावी म्हणून मी तर देवीला खणसुद्धा बोलले होते.

ओहोटी बघून आम्ही होडीनं निघालो. पुरुष ओसरीवर बसले, मी माजघरात बायकांत, दारातून ओसरी दिसेल अशी. दाराआड मुलीची थोरली चुलती बसली होती. तिचा नवरा फार पूर्वी समुद्रापार हबशांच्या मुलखातल्या लढाईत पडला. शिमग्याला गाव अजून त्याची कवनं म्हणे. पण कपाळ पांढरं, म्हणून तिला शुभकार्यात पुढं येता येत नव्हतं.

गूळपाणी झालं. मुलीच्या वडिलांनी सुपारी आणि अडकित्ता हातात घेतला. सुपारी फुटली की लग्न पक्कं. त्याआधी ते कौतुकानं म्हणाले, "सांगा तर पाव्हणं, किती कापले?"

"वीस तरी!" मामा म्हणाला.

"एकपण नाय," दादा म्हणाला. "धुरात गोळी कुणाला लागली, दिसलं नाय. मग आमची फळी मोडली. सगळे पळाले, मीपण पळालो. बंदूक तिथंच टाकली."

मामाचं तोंड बघण्यासारखं झालं. मला वाटलं, उठून दादाच्या पाठीत धपाटा घालावा. अरे, खोटं बोलू नकोस, पण गप्प तरी बैस! माझ्या शेजारी मुलीचे डोळे भरून आले.

वडिलांनी अडकित्ता खाली ठेवला. "आमच्या घरात शूर मानसं झालीत," ते म्हणाले. "इचार करून कळवतो."

तेव्हा दाराआडून चुलतीचा आवाज आला. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोलली असेल, असं मला वाटत नाही.

"भावोजी, शूराची बायको मी हाय. गाव गातो, मी आत बसून ऐकते. पोरीला पळून घरी येनारा नवरा द्या. फोडा सुपारी."

मुलीच्या वडिलांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. मग अडकित्त्याचा आवाज आला, आणि मुलगी उठून सगळ्यांत आधी त्या चुलतीच्या पाया पडली.