मशीनपुढचा पाट

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तीच रीत. आत्यांशी माझं उघड भांडण कधी झालं नाही. पण कपडे धुण्याच्या मशीनवरून मी चार वर्षं मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते, आणि दर वेळी मीच जिंकत होते.

मशीन मीच घेऊन दिलं होतं. आत्यांचे गुडघे गेलेले, तरी कपड्यांचं बोचकं घेऊन नदीवर जायच्या. एका गणपतीत मुंबईहून महाडला माहेरी गेले, तिथल्या दुकानातून मशीन टेम्पोत घातलं आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत आणलं. मागच्या पडवीत, न्हाणीला लागून ठेवलं. आत्यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, शेजारणींना बोलावून दाखवलं. मीही फुशारले.

पुढच्या खेपेला शिमग्याला गेले. आंघोळ करून धुणं घेऊन मशीनकडे वळले, तर मागून आत्या ओरडल्या, "हात लावू नको गो!"

माझ्या हातातली बादलीच पडली. "का हो?"

"मी लावीन. तू पुढं जा."

झालं! तेव्हापासून नियमच. मशीनला हात लावायचा तो आत्यांनीच. आणि तोही कसा? आधी जेवायचा पाट आणून मशीनपुढे मांडायचा. हात कोरडे करायचे. पाटावर उभं राहायचं, बोटांना पदर गुंडाळायचा आणि मग बटण दाबायचं. सुट्टीत घरची पोरं जवळ आली की "चला, पुढल्या अंगणात पळा" म्हणून हाकलायच्या. मी ह्यांना म्हणायची, "मशीनला आता देव्हाऱ्यात नेऊन ठेवायचं तेवढं बाकी आहे तुमच्या आईनं." हे हसायचे. महाडला माझ्या आईला फोनवर तर मी सगळं मीठमसाला लावून सांगायची. मी आणलेलं मशीन आणि मलाच बंदी! आई म्हणायची, "म्हातारं माणूस आहे, सोडून दे." पण सोडून देणाऱ्यातली मी नव्हे. राग माझ्या नाकावरच असतो.

ह्या वर्षी हे रिटायर झाले आणि आम्ही मुंबईची खोली सोडून कायमचे वाडीला आलो. खरं सांगते, मला यायचंच नव्हतं. मुंबईत दोनच खोल्या होत्या, पण त्यातलं प्रत्येक बटण माझं होतं. इथं ज्या घरात मशीनला हात लावायची मुभा नाही, त्या घरात उरलेला जन्म पाहुणीसारखा काढायचा? मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, "महिनाभर बघते. नाही जमलं तर मी महाडला खोली घेऊन राहीन. तुम्ही रहा आईजवळ."

हे म्हणाले, "बघू." लग्न झाल्यापासून प्रत्येक गोष्टीवर ह्यांचं हेच उत्तर आहे.

महिना संपायला आठवडा उरला होता. तेवढ्यात ह्यांनी पोलादपूरला ये-जा करायला बॅटरीवरची स्कूटर घेतली. ती चार्ज करायला अंगणाच्या बाजूला मोठा सॉकेट हवा, म्हणून पोलादपूरहून वायरमनला बोलावलं. पन्नाशीचा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, मोजकंच बोलणारा माणूस. त्यानं ओटीवरचा बोर्ड खोलला, आत डोकावला आणि मान हलवली.

"वहिनी, हे समदं बदलायला लागंल. वायरी दोनच हायत. अर्थिंगच नाय."

वाडीत लाईट आली तेव्हा सासऱ्यांनी करून घेतलेली ती वायरिंग. नंतर कधी तरी तीन भोकांचे सॉकेट बसवले, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. वायरमननं समजावलं, की वस्तूच्या पत्र्यात करंट उतरला तर तो तिसऱ्या वायरीनं जमिनीत जातो. ती वायर नसली तर तो पत्र्यातच थांबतो, हात लावणाऱ्याची वाट बघत.

"कुणाला झटका बसतो काय घरात?" त्यानं विचारलं.

"छे हो," मी ठासून सांगितलं. "आजवर कुणाला नाही बसला."

आत्या अंगणात वाळत घातलेली कोकमं उलटी करत होत्या. त्यांचा हात थांबला. मला ते दिसलं, पण मी लक्ष दिलं नाही.

तो घरभर फिरत मागच्या पडवीत आला. मशीन चालू करून त्यानं टेस्टर पत्र्याला टेकवला, तर टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला. त्यानं झटकन प्लग उपसला आणि मशीनची मागची बाजू उघडली. आतली वायर उंदरानं कुरतडून उघडी पाडली होती.

"पहिलं नुसतं झिणझिणत असंल," तो म्हणाला. "आता ही वायर पत्र्याला लागायच्या बेतात हाय. वल्ल्या लादीवर उघडा पाय असता ना..." त्यानं आमच्याकडे वळून पाहिलं. "ह्याला हात कोण लावतं?"

"मी," दारातून आत्या म्हणाल्या. "मीच लावते. दुसऱ्या कुणाला लावू देत नाय."

माझी नजर भिंतीला टेकवलेल्या पाटाकडे गेली. लाकडी पाट, कोरडे हात, पदर. अगं बाई! सगळं एका दमात कळलं, आणि कळल्याबरोबर मी आत्यांवर चक्क ओरडले. "तुम्हाला ठाऊक होतं? चार वर्षं?"

"ठाऊक नसायला काय झालं? तू आणलंस त्याच पावसाळ्यात चावलं मला. पाटावर उभं राह्यलं का नाय चावत."

"मग बोलला का नाहीत?"

"इजेवर चालतंय, तवा झिणझिणायचंच, असं वाटलं. आनि तू हौसेनं आणलंस. मी बोलले असते तर तुला वाटलं असतं, म्हातारी नावं ठेवते."

"आणि मला का हात लावू देत नव्हता?"

आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही खुळ्यासारखंच विचारलं. "तू आंघोळ करून वल्ल्या पायांनी येतेस. दुसऱ्याची लेक आणलीय मी घरात. तुला काय झालं असतं तर तुझ्या आयशीला काय तोंड दाखवलं असतं?"

त्याच आयशीला मी फोनवर काय काय सांगत होते! मला माझीच लाज वाटली. मी तिथंच पायरीवर बसून रडले, वायरमनच्या देखत. तो बिचारा उगाच स्क्रू मोजत राहिला.

काम तीन दिवस चाललं. घरात नव्या वायरी, नवे सॉकेट, आणि करंट गळू लागला की आपोआप बंद पडणारा एक खटका. अंगणात पावसाचं पाणी जाणार नाही असा झाकणाचा सॉकेट. अर्थिंगसाठी न्हाणीच्या सांडपाण्याजवळ केळीखाली खड्डा खणला. त्यात ओल टिकावी म्हणून मीठ आणि कोळसा घालायचा होता. कोळसा आत्यांनी चुलीतला साठवून ठेवलेला दिला. मिठाची गोणी रिकामी होताना बघून म्हणाल्या, "मेली जमीन माझ्या लोणच्यापेक्षा जास्त मीठ खाते!" उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतत राहा, असं वायरमननं सांगितलं. ते काम आत्यांनी लगेच स्वतःकडे घेतलं.

काम संपलं त्या संध्याकाळी ह्यांनी हळूच विचारलं, "मग? महाडला खोली बघायची?"

"बघू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुणं घेऊन मशीनकडे गेले. वायर बदललेली, टेस्टर लावून पाहिलेला, भीतीचं काही कारण नव्हतं. तरी आत्या पाट घेऊन आल्या आणि माझ्यापुढे मांडला.

"आत्या, आता नाही लागत पाट."

"असू दे. उभी रहा."

मी पाटावर चढले. आत्या माझ्या बाजूला ओल्या लादीवर उभ्या राहिल्या. आपल्या पदरानं त्यांनी माझे दोन्ही हात कोरडे केले, एकेक बोट पुसलं.

"लाव आता हात," त्या म्हणाल्या.