काटेवाल्या काकांचे ऐंशी किलो

जगातल्या प्रत्येक वस्तूला किती वजन पेलतं, हे आमच्या भिंगारच्या शेजारच्या काकांना ठाऊक आहे. राहुरीकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी झाली, म्हणून अख्खी गल्ली त्यांना काटेवाले काका म्हणते. उसाची ट्रॉली फाटकातून वळताना ते नुसत्या नजरेने टन सांगत. निवृत्तीनंतर ट्रॉल्या संपल्या, नजरेची सवय काही सुटली नाही. त्यांच्या घरात खुर्चीच्या पाठीवर, खाटेच्या पायावर, झोपाळ्याच्या फळीवर खडूने किलो लिहिलेले आहेत. मी एकदा झोपाळ्यावर टेकणार, तोच ओरडले, "थांबा भाऊ! तुमी नव्वदच्या पुढं गेलाय. सतरंजीवर बसा, जमिनीला मर्यादा न्हाई." माझी बायको आठवडाभर हसत होती.

हे काका गेल्या वर्षी व्यायामाचा रॉड आणि लोखंडी प्लेटा घेऊन आले, तेव्हा गल्ली हसली. मी हसलो नाही. त्याआधी काकू न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या आणि काकांना काही केल्या त्यांना उचलता आलं नव्हतं. शेवटी मी आणि माझ्या बायकोने त्यांना उठवलं. काका दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "हजारो टन ऊस तोलला, अन् घरचं मानूस उचलंना." त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

रॉडवर छापलं होतं : कमाल ऐंशी किलो. झालं! काका दुकानदाराच्या मागे लागले. "हे ऐंशी भरल्या गाडीचे, का रिकामी गाडी सोडून?" म्हणजे रॉडचं स्वतःचं वजन त्यात धरायचं की नुसत्या प्लेटांचं? दुकानदाराने हात जोडले. काकांनी मग सावधपणे रॉडही हिशेबात धरला. प्लेटा किराणा दुकानातल्या काट्यावर घातल्या, तर दहा किलोची एक तीनशे ग्रॅम कमी भरली. त्या आनंदात त्यांनी मला चहा पाजला.

आता उचलायचं किती? काकू काट्यावर चढायला तयार नाहीत. "माझं वजन काय उसासारखं जाहीर करायचंय?" त्या म्हणायच्या. मग काकांनी त्यांच्याकडे ट्रॉलीसारखं पाहून जाहीर केलं, "सत्तर!" रोज सकाळी अंगणात रॉड खाली-वर होऊ लागला. तीस, चाळीस, पंचावन्न. दर टप्प्याला काका कुंपणावरून ओरडून मला आकडा कळवायचे आणि मी दात घासता घासता टाळ्या वाजवायचो.

सत्तरचा दिवस रविवारी उजाडला. निम्मी गल्ली अंगणात, काकू काठी घेऊन खुर्चीत. काकांनी श्वास घेतला, मान ताठ केली आणि रॉड गुडघ्यांच्या वर, थेट कमरेपर्यंत आणला! काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! माझा तर घसाच बसला. काकांनी रॉड खाली अंथरलेल्या गोण्यांवर ठेवला आणि त्याच जोशात खुर्चीतून काकूंना उचललं.

जोर सत्तरचा लावला होता. काकू इतक्या पटकन वर आल्या की काकांचा तोल मागे गेला, मी पाठीला हात दिला म्हणून सावरले.

"अगं, तू एवढीच?" काका म्हणाले.

"पडल्यापासून जेवण जात न्हाई मला," काकू हळूच म्हणाल्या. "तुमी सारखं त्या लोखंडाकडं बघत हुता."

मला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी काका त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. काकू काट्यावर चढल्या. अठ्ठेचाळीस. घरी येऊन काकांनी रॉडवरच्या प्लेटा उतरवल्या आणि रॉडसकट बरोबर अठ्ठेचाळीस ठेवले. तेव्हापासून ते काकूंचं वजन असेल तेवढंच उचलतात, आणि काकूंच्या भाकरीवर स्वतःच्या हाताने लोणी घालतात.

परवा मी दात घासत होतो. काकांनी रॉडच्या दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा किलोची प्लेट चढवली आणि कुंपणावरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "भाऊ, साडेपन्नास! ऐंशीपर्यंत अजून लई जागा हाय!"