खिडकीत बसलेला भाऊ

रॉटरडॅमच्या रस्त्यांवर योरिनानं एकतीस वर्षं ट्राम हाकली. बंदरातली कामं आटली, गोदामं ओस पडली, मग त्याच गोदामांना नव्या काचा लागल्या आणि आत चित्रं टांगली गेली. शहराचं हे पडणं-सावरणं तिनं चालकाच्या जागेवरून पाहिलं. निवृत्त झाल्यावर तिला एकच नाद लागला, फोटोंच्या प्रदर्शनांचा. विहिरीत पडलेली घागर शोधावी तशी ती एकेका फोटोत डोकावून बघत राही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी थोरली बहीण बेर्टा सोबत येई. योरिना दाराकडून बघत जाई, बेर्टा कॉफीच्या टेबलाकडून, आणि मध्ये कुठंतरी दोघींची गाठ पडे. तू एक झाड बघेपर्यंत मी जंगल पार करते, असं बेर्टा म्हणे.

त्या रविवारी गोदामात खिडक्यांचं प्रदर्शन होतं. दिवेलागणीला रस्त्यावरून टिपलेली घरं, दिवे लागलेली, माणसं जेवायला बसलेली. पडदे कुणाचेच ओढलेले नव्हते. पडदा ओढणाऱ्या घरात काहीतरी काळंबेरं असतं, हे इथं लहानपणीच कळतं.

योरिना सातव्या फोटोपाशी आली आणि जागीच थबकली. खिडकी तिचीच होती. ती स्वतः वाटाण्याचं सूप वाढत होती आणि समोर धाकटा भाऊ होवर्ट तोंडभर हसत होता.

सहा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा होवर्ट मातीला आला नाही. बेर्टानं इथल्या रीतीप्रमाणं संडासात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरावरून त्याचं नाव खोडलं आणि योरिनाकडून शब्द घेतला, की हा पुन्हा उंबऱ्यात दिसता कामा नये. योरिनानं शब्द दिला. पुढं दोन वर्षांनी तो एका गुरुवारी दारात उभा राहिला, आणि तेव्हापासून दर गुरुवारी येऊ लागला.

बेर्टा आता चार फोटो पलीकडं होती. योरिना तिच्याकडं गेली, गुडघा दुखतोय, आधी कॉफी घेऊ म्हणाली. तिकडं रांग लांबलचक आहे, तू बाकावर टेक, असं म्हणून बेर्टा पुढं सरकली. तीन फोटो. दोन. पानगळीत रुळांवर ओली पानं साचली की ब्रेक दाबूनही गाडी घसरत जाते, तसं योरिनाला झालं. ती फोटोला पाठ लावून उभी राहिली.

"सरक," बेर्टा म्हणाली. "तू काय काचेची आहेस?"

"हा काही खास नाही."

"तू? फोटोला खास नाही म्हणतेस?"

बेर्टानं तिला खांद्यानं बाजूला केलं. जंगल पार करणारी बाई त्या एका फोटोसमोर थांबून राहिली. मागं लोक खोळंबले, मग वळसा घालून गेले.

"माझ्या खुर्चीत बसलाय," ती म्हणाली.

"गुरुवारी येतो."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"आईच्या मातीला ज्याचे पाय वळले नाहीत, त्याला तू सूप वाढतेस. आणि रविवारी माझ्याशी गोड बोलतेस."

योरिना तिच्याकडं वळली. हे तिनं कधीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "आला होता तो, बेर्टा. दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभा होता. तू आदल्या दिवशी फोनवर त्याला सांगितलंस ना, तू आलास तर मी निघून जाईन. आईच्या शेवटच्या वाटेवर थोरली लेक कमी नको, म्हणून तो आत आला नाही."

बेर्टाचा चेहरा पांढरा पडला. त्या फोनबद्दल तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. ती तडक निघून गेली.

चार वर्षं मनात धरलेलं बोलले, आता बहीण गेली, असं योरिनाला वाटलं. बऱ्याच वेळानं ती कोट ठेवायच्या जागी आली. बेर्टा तिथंच उभी होती. तिनं स्वतःचा कोट चढवला होता, आणि योरिनाचा हातावर घेतला होता.

"घाल," ती म्हणाली. "ट्रामनं बरोबर जाऊ. पण माझ्याशी बोलू नकोस."